मागे राहिलेला काजवा

एका जंगलात एक भारी संशयी सशीण राहत असे. संशयी म्हणजे किती? पान हललं तरी ती वाऱ्याला विचारी, "तूच ना रे? नक्की?" मुलांनो, हसू नका. तिच्या पदरी तीन पिल्लं होती, आणि उन्हाळ्यात अख्ख्या जंगलात पाण्याचा एकच डोह उरे. तिथे बिबट्याही येई. पण त्या डोहावर एक जुना रिवाज होता. संध्याकाळी म्हातारं कासव खडकावर बसून गोष्ट सांगे, आणि गोष्ट चालू असेपर्यंत कुणी कुणाची शिकार करायची नाही. बिबट्या "मग? मग काय झालं?" करत बसून राही, तेवढ्यात लहानसहान जनावरं पाणी पिऊन घरी पोचत.

एके दिवशी डोहावर मोर आला. "रोज काय ते रडगाणं ऐकता? आज माझा खेळ बघा! दुसऱ्या ग्रहावरचं युद्ध! तुमच्या सात पिढ्यांनी पाहिलं नसेल!" सगळे हुरळले. कासव निमूटपणे बाजूला सरकलं. सशिणीला मात्र हे लक्षण काही ठीक वाटेना. "अहो मोरराव, पण त्यात गोष्ट काय आहे?" तिने विचारलं. "गोष्ट? अगं, नुसते काजवेच ढीगभर आणलेत!" मोर म्हणाला. इथे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय, असं सशिणीच्या मनाने घेतलं. पण पिल्लांच्या घशाला कोरड पडली होती, म्हणून ती त्यांना घेऊन काठाशी बसली.

दिवस मावळला आणि खेळ सुरू झाला. खोटं कशाला बोलू, डोळ्यांचं पारणं फिटलं! काजव्यांची उडती यानं झाली, काळे भुंगे यंत्रमानव झाले, पिसारा उघडला की नवा ग्रह उगवे आणि वानरांनी धडाधड उड्या टाकल्या की तो फुटे. पिल्लं तर पाणी प्यायचंच विसरली. एकटी सशीण वर बघत नव्हती. ती बघत होती बिबट्याकडे. पहिल्या लढाईला त्याने कान टवकारले. पुढच्या लढाईला तो अंग खाजवत होता. त्यानंतर त्याने मोठी जांभई दिली, आणि त्याची नजर आकाशातून उतरत उतरत तिच्या धाकट्या पिल्लावर येऊन थांबली.

सशीण झटकन पिल्लाच्या पुढे सरकली. "मोरराव, हे भांडतायत तरी कशासाठी?" ती ओरडली.

"मध्ये बोलू नकोस गं! आता दोन सूर्य आदळणार आहेत!"

"आदळू देत," बिबट्या गुरगुरला आणि उठला. "यात गोष्ट कुठाय? गोष्ट नाही, तर रिवाजही नाही. मला भूक लागलीय."

सशिणीने घाबरून वर पाहिलं. एक काजवा थव्यापासून मागे राहिला होता. "बिबटेराव!" ती म्हणाली. "तो एकटा काजवा दिसला? तो लढाई सोडून का मागे वळलाय, ठाऊक आहे?"

बिबट्याचा उचललेला पंजा तसाच राहिला. "का?"

"त्याची आई शत्रूच्या यानात कोंडलीय. आणि तेच यान फोडायचा हुकूम त्याला मिळालाय."

"अरे देवा! मग?" बिबट्या मटकन खाली बसला.

सशिणीने पिल्लांना मागच्या पायाने ढोसलं, तशी ती झुडपाकडे पळाली. तिला पुढचं काही सुचेना. तेवढ्यात मागून कासव सावकाश म्हणालं, "मग काय, त्याने आपला दिवाच विझवला..." आणि गोष्ट पुढे सरकली. "अहो, तो काजवा नुसता दमला होता! त्याला कसली आई?" मोर ओरडत राहिला, पण त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. सगळी लहानसहान जनावरं घरी पोचली, तेव्हा कुठे कासवाने ऐन रंगात आलेली गोष्ट थांबवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी झुडपाबाहेर बिबट्याची पावलं वाजली. सशिणीने पिल्लांना पोटाशी धरलं.

"घाबरू नकोस," बाहेरून दबक्या आवाजात बिबट्या म्हणाला. "मला रात्रभर झोप नाही. तेवढं सांग, त्या काजव्याला आई भेटली का?"

"कळेल," सशीण आतूनच म्हणाली. "पण संध्याकाळी, डोहावर. आणि तुम्ही आधी पुढे व्हा."

तात्पर्य : नुसता झगमगाट डोळे दिपवतो, पण मन धरून ठेवत नाही, मन थांबतं ते "मग काय झालं?" असं विचारावंसं वाटलं, तरच.