ढिल्या स्क्रूचा ॲम्प

फार वर्षांपूर्वी, लॅपटॉपला नुकतीच शिंगं फुटली होती तेव्हा, मिरजेच्या एका स्टुडिओत गिटारचा आवाज मोठा करणारा एक म्हातारा ॲम्प होता. त्याचा एक स्क्रू ढिला झाला होता, म्हणून तो खरखरायचा.

तिथल्या लॅपटॉपने त्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल उतरवून घेतली, अगदी खरखरीसकट. ती ऐकून वादक माना डोलावत म्हणाले, "वा! काय ती खरखर! अस्सल जुना ॲम्प!"

"अहो, ते माझं दुखणं आहे, आवाज नव्हे!" ॲम्प कळवळला. मालक रेवणकरांनी स्क्रू आवळून दिला आणि ॲम्प वीस वर्षांनी मोकळ्या गळ्याने गायला.

वादकांनी नाकं मुरडली. लॅपटॉप मायेने म्हणाला, "काका, प्रयत्न छान होता. पण तुमच्यासारखा आवाज काढायचा असेल, तर रोज माझ्यासमोर बसून रियाज करावा लागेल."