बहुरूप्याची चौथी ओळ

एका शहरात मोबाईलवर खेळायच्या पत्त्यांचा एक खेळ तयार होत असे. राजा-राणी-गुलाम नव्हेत हो! यातले पत्ते म्हणजे वैद्य, नावाडी, गारुडी, बहुरूपी अशी मंडळी. प्रत्येक पत्त्यावर वर चित्र आणि खाली त्याचा नियम. हे नियम लिहायच्या शरयूताई.

शरयूताईंची उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. शब्द वाया गेलेला त्यांना खपत नसे. कुठलाही नियम तीन ओळींत बसलाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. चौथी ओळ लागली की लिहिणारा कच्चा, असं त्या उठता-बसता ऐकवायच्या. एखाद्या खेळाडूनं कळवलं की अमका पत्ता समजला नाही, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "पत्ता नीट वाचावा." खाली सही ठोकली की झालं काम!

आता या बहुरूप्यानं मात्र त्यांना घाम फोडला होता. तो शेजारच्या पत्त्याचं रूप घेतो आणि रूपाबरोबर त्याचे गुणही घेतो. वैद्याशेजारी बसला तर तोही वैद्यासारखा बाद झालेल्या पत्त्याला उठवतो. हे सगळं लिहायला चार ओळी लागत होत्या. शरयूताईंनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि शेवटी गुणांची ओळच उडवली. एवढं तर कुणालाही कळेल, असं म्हणून त्या चहाला उठल्या. मोबाईलमधल्या खेळाला मात्र चारही ओळी आधीच शिकवून झाल्या होत्या.

पुढं खेळाची मोठी स्पर्धा भरली. नाट्यगृह भरून गेलं. शेवटच्या डावाला समोरासमोर बसले एसटीचे कंडक्टर दौलतराव भिसे आणि कॉलेजात शिकणारा निनाद. डेपोतली सगळी मंडळी हलगी घेऊन पुढच्या रांगा अडवून बसली होती.

दौलतरावांनी बहुरूपी काढला आणि वैद्याशेजारी ठेवला. निनादनं वैद्याला बाद केलं, तर बहुरूप्यानं त्याला उठवलं. बहुरूप्याला बाद केलं, तर वैद्यानं उठवलं. निनादनं नऊ वार केले, नऊही वाया गेले. मंचावरच्या मोठ्या पडद्यावर ते बघून लोक चक्रावले.

"हे कसं काय?" निनाद उभा राहिला. "पत्त्यावर फक्त रूप लिहिलंय. गुण कुठे लिहिलेत? काकांनी मोबाईलला काहीतरी करून आणलंय!"

झालं! सभागृहात नुसता कल्ला. कंपनीचे मालक सारंग मोहोळकर मंचावर धावले. त्यांनी पत्ता वाचला, पुन्हा वाचला. गुणांबद्दल अक्षरही नव्हतं. त्यांनी दौलतरावांचा मोबाईल ताब्यात घेतला आणि जाहीर केलं, "लबाडी ठरली, तर यांचं नाव खेळातून कायमचं काढलं जाईल."

दौलतरावांचा चेहरा उतरला. "साहेब, बावीस वर्षं एसटीत आहे. मला कुणी लबाड म्हटलं नाही," ते म्हणाले. "बहुरूपी गुण घेतो का, हे मी तुमच्या कंपनीला लिहून विचारलं होतं. उत्तर आलं, पत्ता नीट वाचावा. वाचला. काही सापडेना. मग खेळून बघितलं, तर घेत होता."

लोक हसले. डेपोतल्या एकानं हलगी पायांखाली सरकवली आणि मान खाली घातली.

मंचाच्या कडेला, पडद्याआड शरयूताई उभ्या होत्या. ते पत्र त्यांना चांगलं आठवत होतं, उत्तराखालची सही तर त्यांचीच होती. त्यांनी सारंगला खुणेनं बाजूला बोलावलं आणि खरं काय ते सांगितलं.

सारंगचा आवाज एकदम खाली आला. "मावशी, आत्ता गप्प राहा. इतक्या लोकांत तुमची अब्रू जाईल, खेळाचीही. नंतर बघू काहीतरी."

खरं सांगायचं तर क्षणभर शरयूताईंना ते पटलं. या वयात कोण हसं करून घेईल? पण समोर तो माणूस टोपी हातात धरून उभा होता, आणि 'नंतर' येईपर्यंत साऱ्या गावानं त्याला लबाड ठरवलं असतं. शरयूताईंनी पदर खोचला आणि तडक मंचावर गेल्या.

"या खेळाचे नियम मी लिहिते," त्या म्हणाल्या. "बहुरूप्याला चौथी ओळ होती. ती मी उडवली. यांनी विचारलं, तेव्हा यांनाच शहाणपण शिकवलं. लबाडी यांची नाही, चूक माझी आहे. पटत नसेल तर निनादच्या मोबाईलवर तेच दोन पत्ते शेजारी लावून बघा."

निनादनं लावून बघितले. त्याचाही बहुरूपी वैद्याला उठवू लागला. पोरगा ओशाळला. "काका, चुकलो. उगाच बोललो तुम्हाला."

दौलतरावांनी असा सुस्कारा सोडला की पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेला. डोळे पुसत ते म्हणाले, "अरे, तुला तरी काय ठाऊक? कुणी सांगितलंच नव्हतं. चल, बहुरूपी बाजूला ठेवू आणि डाव पुन्हा मांडू."

डाव पुन्हा झाला आणि दौलतराव चक्क हरले! तरीही हलगी अशी कडाडली की नाट्यगृहाचे पंखे हलले. दौलतराव स्वतः तिच्या तालावर नाचत दाराबाहेर पडले. आणि शरयूताई? त्या भीत भीत खाली उतरल्या, तर हसलं कुणीच नाही. उलट दोघा-चौघांनी उठून त्यांना बसायला जागा दिली. त्यांना इतकं हलकं वाटलं की मांडीवर हात ठेवून त्या नुसत्याच हसत राहिल्या. कितीतरी दिवसांनी त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी बहुरूप्याला त्याची चौथी ओळ मिळाली. जागा करायला चित्रातले त्याचे पाय कापावे लागले. चित्रकार आठवडाभर फुगून बसला होता. पण त्या पत्त्यावरून पुन्हा भांडण झालं नाही. आजही एखाद्या खेळाडूची तक्रार येते, तेव्हा शरयूताई चष्मा लावतात आणि उत्तर लिहिण्याआधी पत्ता स्वतः नीट वाचतात.

तात्पर्य: समोरच्याला कळलं नाही, तर आधी आपलं सांगणं तपासावं, आणि आपल्या चुकीचा डाग दुसऱ्याला लागत असेल, तर तिथल्या तिथे पुढं होऊन ती कबूल करावी.