भैरू पैलवानाची पहिली हार

माळाच्या काठाला वसलेल्या एका गावात भैरू नावाचा पैलवान राहायचा. किती जत्रा त्याने गाजवल्या, किती कुस्त्या मारल्या, पण त्याच्या पाठीला कधी माती लागली नव्हती. गावाला त्याचा अभिमान होता, आणि त्याला स्वतःला तर होताच होता.

दर साल सुगी सरली की धुळा धनगर आपली मेंढरं घेऊन यायचा आणि भैरूच्या शेतात आठ दिवस बसवायचा. शेताला लेंडीखत मिळायचं, धुळाला धान्य मिळायचं. एका साली कळपाबरोबर एक काळं कुत्रं आलं. सहा-सात महिन्यांचं असेल. त्याचं नाव भुंग्या. कळपातली मोठी कुत्री त्याच्या तोंडातली भाकरी हिसकावून घ्यायची. इतक्या वेळा हिसकावली, की भुंग्या तोंडात काही धरायलाच भ्यायचा. तुकडा टाकला तरी आधी चार दिशांना बघायचा, मग जमिनीवरच चाटून चाटून संपवायचा.

धुळाची एक रीत होती. घोंगडीची लांब चिंधी तो पिल्लापुढे धरायचा आणि ओढायचा. जे पिल्लू चिंधी धरून झटतं, ते पुढे लांडग्याशीही झटतं, असं तो म्हणायचा. भुंग्या मात्र चिंधी बघूनच मागे सरायचा.

"हे कळपाच्या कामाचं नाही," धुळा म्हणाला. "आठव्या दिवशी निघताना याला इथंच सोडतो. लांडगा आला तर मेंढरू राहील बाजूला, आधी यालाच उचलेल."

धुळाची बायको ठकू जवळच बसली होती. तिने भुंग्याला जवळ ओढलं. कळपाशिवाय हे लहान जनावर परक्या गावात कसं जगायचं, याचीच तिला काळजी लागली.

भैरू पैलवान मात्र हसला. "धुळाबा, त्याला माझ्या हाती द्या. आठ दिवसांत वाघ करून देतो."

पहिल्या दिवशी भैरूने चिंधी दुधात बुडवली. वासाने भुंग्या पुढे आला. त्याने चिंधी भीत भीत दातांत धरली, आणि भैरूने असा हिसका दिला की ते पोर चिंधीसकट हवेत झुललं. बांधावर बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. भुंग्या जो पळाला तो बैलगाडीखाली जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी तर भैरूच्या वहाणांचा आवाज आला आणि भुंग्या जागेवरच मुतला.

ठकू चुलीपाशी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "पैलवान, रोज कोण जिंकतंय?"

"मीच की."

"मग त्यानं खेळावं कशाला?"

भैरूला राग आला. "वहिनी, हरून कुणी शिकवतं का? अंगात रग लागते. मी दहा वर्षांचा होतो, तालमीत पहिलाच दिवस होता, आणि मी आमच्या वस्तादांना चीत केलं होतं."

ठकूने भाकरी उलटली. "आणि वस्ताद केवढे होते?"

भैरूला वस्ताद आठवले. वस्ताद दाराच्या चौकटीत मावत नसत. दहा वर्षांच्या पोराने ढकललं म्हणून ते आडवे झाले होते. मातीत पडल्या पडल्या म्हणाले होते, "लई जोर आहे रं तुझ्यात." ती कुस्ती आपण मारली, असं भैरू आजवर समजत होता. ती त्यांनी त्याला दिली होती. त्याच एका दिवसाच्या बळावर तो पुढच्या साऱ्या कुस्त्या लढला होता.

भैरू उठला, वहाणा काढल्या आणि बैलगाडीपासून थोडा लांब, भुंग्याकडे पाठ करून मातीत बसला. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नुसती चिंधी सरड्यासारखी सरपटत नेत राहिला. मध्येच थांबवायचा, पुन्हा हलवायचा. उन्हं कलली तेव्हा भुंग्या बाहेर आला. त्याने टोक धरलं मात्र, भैरूने लगेच हात सोडला.

भुंग्या चकित झाला. हिसकावायला कुणी येत नव्हतं. तो चिंधी घेऊन पळाला, दूर जाऊन बसला, आणि थोड्या वेळाने स्वतःच ती परत घेऊन आला.

पाचव्या दिवशी भैरूने दोन बोटांनी ओढलं आणि सोडलं. सहाव्या दिवशी मुठीत धरून जोर लावला आणि तरी सोडलं. भुंग्या आता गुरगुरत होता, शेपूट वर होतं.

सातव्या दिवशी सारा गाव बघायला जमला. भुंग्याने पाय रोवून ओढलं, तसं भैरूने स्वतःला सैल सोडलं आणि तो उताणा पडला. भुंग्या त्याच्या छातीवर चढून चिंधी झटकू लागला.

"पैलवान, एवढ्याशा कुत्र्यानं चीत केलं की तुम्हाला," कुणीतरी खिजवलं. माणसं पोट धरून हसली.

भैरू पडल्या पडल्याच म्हणाला, "केलं बाबा. लई जोर आहे त्याच्यात."

आठव्या दिवशी सकाळी मेंढरं उठली. धुळाने चिंधीचं टोक धरलं आणि अंगातला सगळा जोर लावून ओढलं. भुंग्याच्या नखांनी जमिनीवर चरे पडले. धुळा ओरडला, काठी आपटली. भुंग्याचे कान मागे गेले, पण दात सुटले नाहीत. शेवटी धुळाच दमला.

"कोणता डाव शिकवलात, पैलवान?"

"डाव कसला? रोज हरत होतो."

धुळाने एकदा भैरूकडे बघितलं, एकदा भुंग्याकडे. मग बायकोला म्हणाला, "ठके, याची भाकरी वाढव आजपासून."

ठकूने पदराने डोळे पुसले. कळप माळाकडे निघाला. चिंधी भुंग्याने कुणालाच परत दिली नाही. ती तोंडात धरून तो सगळ्यांच्या पुढे चालत होता.

तात्पर्य: लहान जिवाला धीर यावा असं वाटत असेल, तर त्याला आपलं बळ दाखवून उपयोग नाही, त्याच्यापुढे हसत हरावं, आणि असं हरायला जिंकण्यापेक्षा मोठी छाती लागते.