ठकाईचा दोर

फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या पणजीच्या पणजीला अजून दात यायचे होते तेव्हा, गर्भगिरी डोंगराच्या उतारावर बोरदरे नावाच्या गावात ठकूबाई नावाची एक बाई राहायची. दोर वळणं हा तिचा धंदा. गाव तिला ठकाई म्हणायचं. सत्तर उंबऱ्यांचं ते गाव, सगळी ख्रिस्ती मंडळी. गावाच्या मधोमध दगडी मंदिर होतं. प्रार्थनेच्या घराला आमच्याकडे मंदिरच म्हणतात, तेव्हा गोंधळू नका. आणि मंदिरापुढे होती विहीर.

ठकाई अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट आणि विश्वासानं अशी ठाम, की पाळकसाहेबसुद्धा तिच्याशी वाद घालायच्या आधी घोटभर पाणी पिऊन घेत. ती घायपाताचा दोर वळायची. हातभर पीळ पडला, की थांबायची आणि म्हणायची, "उपकार, देवा." नुसतं तेवढंच नाही, कशाचे उपकार तेही सांगायची. आज ऊन कमी होतं, उपकार. शेजारणीनं कालवण दिलं, उपकार. त्यात मीठ नव्हतं, तरी उपकार. तिचा दोर कधी तुटला नाही, असं म्हणतात. एकदा दोन रेडे तिच्या एकाच दोराला दोन्हीकडून झोंबले. रेडे दमून बसले, दोर होता तसाच.

मग दुष्काळ आला. पहिल्या वर्षी ज्वारी गेली, दुसऱ्या वर्षी जनावरं गेली, आणि तिसऱ्या वर्षी माणसं जायला लागली. विहिरीचं पाणी रोज खाली सरकत होतं. आतल्या पायऱ्या ढासळल्या, त्यामुळे खाली उतरायची सोय उरली नाही. दगडाला घासून घासून गावातले दोर, ठकाईचेसुद्धा, तुटले नाहीत तरी विरून आखूड पडले. वाकून पाहिलं तर तळाशी चकचकीत पाणी दिसायचं, आणि वर उभ्या बायकांच्या घशाला कोरड पडलेली असायची. नवा दोर वळावा, तर घायपात आठ दिवस पाण्यात कुजत घालावं लागतं. म्हणजे पाण्यासाठी दोर हवा आणि दोरासाठी पाणी. शेजारची गावंही तसलीच, घोट-दोन घोट प्यायला देत, पण त्यांचा दोर त्यांनाच पुरेना.

बुधवारी पाळकसाहेबांनी मंदिरात मंडळी जमवली. भला माणूस होता, पण तीन वर्षांत वाकला होता. येत्या रविवारी हंगामाचा सण होता. त्या दिवशी पहिलं कणीस, पहिला भोपळा, असेल ते वेदीपुढं ठेवायचं आणि उपकारस्तुती करायची, हा गावाचा रिवाज. पाळकसाहेब म्हणाले, "यंदा शेतात काही नाही, तर सण राहू द्या. सोमवारी सकाळी सगळ्यांनीच गोदावरीकाठी निघावं. गंगथडीला निदान प्यायला पाणी आहे."

गंगथडीला गेलेलं गाव परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिथं ज्याला जे काम मिळेल तिकडं तो जाणार आणि बोरदरे म्हणून काही उरणार नाही.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं ठकाई उठली.

"सण व्हणार," ती म्हणाली.

"ठकूबाई, आणायचं काय सणाला?"

"तुमच्या घरात एक तरी फाटकं लुगडं असंल का न्हाई, साहेब?"

"असेल."

"आन एक तरी उपकार?"

पाळकसाहेबांनी जरा विचार केला. "असेल," ते म्हणाले, पण या वेळी आवाज बारीक होता.

"मग झालं. घरटी एक लुगडं आन एक उपकार. चिंध्यांचा दोर वळते म्या. रविवारी त्यानं पाणी काढू आन तेच वेदीपुढं ठिवू. आपला देव काय एकट्या गंगथडीलाच राहतो व्हय?"

मंडळी हसली. तीन वर्षांत मंदिरात कोणी हसलं नव्हतं, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवसापासून ठकाई दारोदार फिरू लागली. उंबऱ्याशी बसायची, लुगडं फाडून चिंध्या करायची आणि घरातल्या माणसानं मोठ्यानं उपकार सांगितला, की मगच पीळ घालायची. उपकाराशिवाय चिंधी घ्यायची नाही, हा तिचा नियम. "कुरकुर वळली तर दोर कुजंल," असं ती म्हणे.

सुरुवातीला लोकांना काही सुचेना. मग हळूहळू सुचायला लागलं. दावीदबाबा नावाचे एक म्हातारे होते. ते म्हणाले, "दात पडले म्हून भाकर कमी लागती, उपकार." एकीनं सांगितलं, की सासू मंगळवारपासून एक शब्द बोललेली नाही, उपकार, आणि सासूनं आतून ओरडून सांगितलं, की सून आता तरी ऐकून घेते, उपकार. एका बाईच्या अंगावरचं दूध अजून आटलं नव्हतं. लेकराला पदराखाली घेत ती म्हणाली, "दूध हाय, उपकार." दोन भाऊ बांधावरून बारा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. धाकटा म्हणाला, "थोरला अजून गाव सोडून गेला न्हाई, उपकार," आणि भिंतीपलीकडून थोरल्यानं ते ऐकलं. दुपारी थोरला आपल्या घरचं लुगडं घेऊन धाकट्याच्याच दारी आला. तो दोर गावभर फिरला आणि ज्या घरातून गेला त्या घराची माणसं जरा ताठ उभी राहिली. सायंकाळी मोजलेला दोर सकाळी हातभर जास्त भरायचा, असंही म्हणतात. शाळेच्या मास्तरांनी दोनदा मोजून पाहिलं आणि तिसऱ्यांदा मोजायचं नाकारलं.

शनिवारी दुपारी ठकाई शेवटच्या घरी आली. ते घर एस्तेरचं होतं. एस्तेर तरणी बाई, नवरा खडी फोडायच्या कामावर लांब गेलेला. तिचं वर्षाचं लेकरू आषाढात तापानं गेलं होतं.

एस्तेर दारातच उभी होती. तिच्या हातात लेकराची कुंची होती, डोक्यावरून पाठीवर सोडायची ती, लाल काठाची. तिनं ती ठकाईपुढं धरली.

"ही घे. घरात दुसरं काय न्हाई."

"आन उपकार?"

"उपकार न्हाईत माझ्याकडं."

"एक तरी असंल, पोरी. नीट आठव."

"न्हाई, ठकाई. खोटं कशाला बोलू? दुसऱ्यांच्या लेकरांना तरी पाणी मिळू दे, म्हून देते. घे."

आता सांगा, याहून मोठं काही कोणी दिलं होतं का? पण ठकाईचा नियम म्हणजे नियम. तिनं कुंचीची घडी घातली आणि एस्तेरच्या हातात परत ठेवली. "उपकाराबिगर चिंधी चालायची न्हाई," ती म्हणाली आणि दोराचं भेंडोळं खांद्यावर घेऊन निघाली. मागं दार लागलेलं तिनं ऐकलं. पण ती थांबली नाही.

रविवारी घंटा झाली. सगळं गाव विहिरीभोवती जमलं. एकोणसत्तर घरांचा दोर, लाल, हिरवा, काळा, चंद्रकळेचा नि इरकलीचा. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, दोन्ही भावांनी दोर धरला आणि बादली खाली गेली. जात राहिली, जात राहिली, आणि दोर संपला. बादली पाण्यावर लोंबकळत राहिली. मध्ये फक्त वीतभर अंतर. बादलीची सावली पाण्यात हलत होती.

ठकाईनं पुढं होऊन आपला पदर टरकन फाडला. दोर वर घेतला, पदर बांधला, पुन्हा सोडला. पुन्हा वीतभर कमी. दावीदबाबांनी पागोटं दिलं. पागोटं म्हणजे काही थोडं कापड नव्हे. ते बांधून दोर सोडला, तरी वीतभर कमी! पाळकसाहेबांनी अंगावरचं उपरणं दिलं, आणि तरी ती वीत जशीच्या तशी राहिली, असं म्हणतात. बायका रडायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, उद्या निघायचंच तर आत्ता ऊन उतरताच निघू.

दावीदबाबांनी हळूच विचारलं, "ठकाई, यात एस्तेरची चिंधी कुठली गं?"

ठकाई वळली आणि भर उन्हात फाटक्या पदरानिशी एस्तेरच्या घराकडे चालायला लागली.

दार लावलेलं होतं. ठकाई उंबऱ्यापाशी बसली.

"एस्तेर, ती कुंची दे गं."

आतून आवाज आला, "मला अजून काय म्हनता येत न्हाई."

"नको म्हनूस. मलाबी आलं न्हवतं."

गावातल्या तरण्या माणसांना ठाऊक नसलेली गोष्ट तिनं त्या बंद दाराला सांगितली. तीस वर्षांपूर्वी तिला दोन लेकरं होती. पटकीच्या साथीत दोन्ही एकाच दिवशी गेली. तिसऱ्या दिवशी ठकाई मंदिरात उभी राहिली आणि तिनं देवाचे उपकार मानले. सगळं गाव थक्क झालं होतं. काय हा विश्वास, म्हणालं होतं. "त्या दिवशी माझ्या तोंडात उपकार हुता, एस्तेर," ती म्हणाली, "पन पोटात न्हवता. पोटात जे हुतं ते म्या देवालाबी कळू दिलं न्हाई. भ्या वाटलं, ते बोलले तर इश्वास जाईल. तीस वरसं दाबून ठिवलंय बघ. आन काल तू खरं बोललीस तर तुझी चिंधी म्या माघारी दिली."

आणि तिथं, उंबऱ्यावर, ठकाई रडली. तीस वर्षांचं रडू होतं, ते काही दोन टिपांत भागणार नव्हतं. तिनं लेकरांची नावं घेतली. देवाला विचारलं, का नेलीस? पुन्हा पुन्हा विचारलं. विचारता विचारता तिला जाणवलं, की आपण इतक्या जवळून देवाशी आजवर कधी बोललोच नव्हतो. विश्वास कुठं गेला नव्हता. तो तिथंच, तिच्याजवळ बसला होता.

दार उघडलं. एस्तेर बाहेर आली आणि शेजारी बसली.

"मी काय सांगू त्याला?"

"हाय ते सांग."

एस्तेरनंही मग विचारलं, का नेलंस. मोठ्यानं विचारलं. ते विहिरीपर्यंत ऐकू आलं, आणि गावातल्या लोकांनी एकेक करून डोक्यावरची टोपी काढली, कारण ती प्रार्थना आहे हे कोणी सांगायची गरज नव्हती.

दोघी मिळून आल्या. कुंची एस्तेरनं स्वतः फाडली. ठकाईनं तिच्या तीन चिंध्यांना पीळ दिला, तोंडातून चकार शब्द न काढता, आणि तो पेड दोराच्या खालच्या टोकाला, बादलीच्या कडीशी बांधला. दोर खाली गेला. या वेळी आवाज आला. बादली पाण्यावर टेकल्याचा, कलंडल्याचा आणि बुडाल्याचा. तो आवाज ऐकून दावीदबाबा मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे हसायला लागले.

वेदीपुढं ठेवण्याआधी पहिला तांब्या एस्तेरला दिला. आता तुम्हाला वाटत असेल, एस्तेरनं उपकार मानले. नाही मानले. ती पाणी प्यायली, उरलेलं शेजारणीच्या लेकराला पाजलं आणि ठकाईचा हात धरून उभी राहिली. तिचे उपकार पुढं कधीतरी, तिच्या वेळेनं आले म्हणतात. पण कधी आणि कशाचे, हे तिनं कोणाला सांगितलं नाही आणि ठकाईनं कोणाला विचारू दिलं नाही.

सोमवारी गंगथडीला कोणी गेलं नाही. पाणी त्यानंतरही खाली जात राहिलं, आणखी चार महिने. दोराला नंतर एक चिंधीही जोडली नाही, तरी बादली रोज पाण्याला टेकायची. मास्तरांनी पुन्हा मोजायला घेतलं, तर दोर तेवढाच भरला. पाणी खोल गेलेलं, दोर तेवढाच, आणि तरी पुरलेला. हे कसं, ते मला विचारू नका. तेव्हाच्या मास्तरांनाही कळलं नाही, आणि ते गणितात पक्के होते.

ठकाई पुढं पुष्कळ वर्षं जगली. उपकार मोजत दोर वळायची सवय तिनं सोडली नाही. फक्त मधेच एखाद्या हाताला ती थांबायची आणि म्हणायची, "हा तसाच, देवा. तुला ठाव हाय." मग पुढचा पीळ घालायची. ती गेली तेव्हा गावानं तिला दोरांवरूनच कबरेत उतरवलं, आणि माती लोटताना सगळं गाव एका सुरात उपकारस्तुती गात होतं.

आता बोरदऱ्यात घरोघर नळ आहेत आणि विहिरीवर मोटार बसली आहे. दोर कोणाला लागत नाही. तरी हंगामाच्या सणाला उपासना संपली, की गाव विहिरीवर जमतं, घरटी एक चिंधी घेऊन. लुगडी आता कुठून आणायची? कोणी ओढणी आणतं, कोणी जुन्या जीनचा पाय. एकेकानं मोठ्यानं उपकार सांगायचा आणि दोर वळत जायचा, याला तिथं ठकाईचा पीळ म्हणतात. पण त्याच्याही आधी पाळक विचारतात, "यंदा कोणाला काही म्हणता येत नाही?" तेव्हा सगळे माना खाली घालतात, म्हणजे उठणाऱ्याला अवघड वाटू नये. जो उठतो तो आपली चिंधी देतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही. ती चिंधी बादलीच्या कडीला बांधतात, आणि गावाचे सगळे उपकार तिच्यावर चढत जातात.

गेल्या वर्षी तिघं उठले होते. सत्तर घरांनी वरून दोर धरला, आणि पाण्याला आधी त्या तिघांच्या चिंध्या लागल्या.