भैरूचा गुडघा

"वस्ताद, एकदा खरं सांगा. माझा गुडघा बरा व्हावा असं तुम्हाला वाटतंय का न्हाई?"

नबीलाल वस्ताद कुंडीत बदाम घोटत होते. हात थांबला नाही.

"आज पायरी उतरलास?"

झालं! भैरू चौगलेच्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस विचारतोय काय आणि म्हातारा बोलतोय काय!

तालमीच्या दाराला एकच उंच दगडी पायरी. पावसाळा सरल्यापासून भैरूचा सगळा व्यायाम म्हणजे ती पायरी. दुखरा पाय वर ठेवायचा, दुसरा हवेत सोडायचा आणि टाच जमिनीला टेकेपर्यंत सगळा भार दुखऱ्या पायानं पेलत हळूहळू खाली यायचं. मग परत वर. आधी रिकाम्या हातानं, हल्ली खांद्यावर वाळूचं पोतं घेऊन. ते झालं की कुशीवर पडून पाय उचलायचे. एवढा दांडगा गडी बाळंतिणीसारखा पडलेला बघून बाकीचे पैलवान तोंडात लंगोटाची पट्टी कोंबून हसायचे.

दुखायचं गुडघ्याच्या पुढं, वाटीच्या मागं. बैठक मारताना, उतार उतरताना, जेवून पाटावरनं उठताना. डॉक्टरांनी फोटो काढला. हाड शाबूत आहे, मांडी नि कंबर बळकट करा, म्हणाले. बस्स. आणि वस्तादांनी तर गुडघ्याला तेलाचं बोटसुद्धा लावलं नव्हतं. रोज सकाळी फक्त विचारायचे, "कालचं दुखणं आज राहिलंय का?" राहिलंय म्हटलं की पायरीखाली वीट ठेवून उंची कमी करायचे. नाही म्हटलं की वीट काढायचे.

ही काय दवा झाली?

आणि तिकडं आखाड्यात दस्तगीर घुमत होता. दस्तगीर म्हणजे वस्तादांचा सख्खा भाचा. जत्रेच्या मैदानात पहिल्या नंबरची कुस्ती तालमीतल्या एकालाच मिळायची. गुडघा धरायच्या आधी ती भैरूची ठरलेली होती. आता?

भैरूच्या मनात पाल चुकचुकत होती.

"निदान बैठका तरी मारू द्या."

"अजून न्हाई."

"का? दस्तगीर तयार व्हायचा ऱ्हायलाय म्हणून?"

कुंडीतला दांडा थांबला. वस्तादांची नजर भैरूच्या पायाकडं गेली.

"परवा घरी चोरून बैठका मारल्यास न्हवं?"

भैरू चपापला. "कुणी चुगली केली? दस्तगीरनं?"

"तुझ्या चालण्यानं."

तेवढ्यात दारातली काळी भुंकायला लागली.

ही काळी म्हणजे एक वेगळीच पीडा. पायरी सुरू झाली त्याच सुमारास कुठनं तरी येऊन तिनं तालमीच्या दाराशी ठाण मांडलं होतं. पहिल्याच दिवशी भैरूनं तिला ढेकूळ हाणलं, तर बया पोटरीलाच आली. मग तो मागच्या भिंतीवरनं उडी मारून यायला लागला, तर आणखीनच चेकाळली. तेव्हा वस्ताद म्हणाले होते, "मारू नगंस, पळू नगंस. रोज समोरनं ये, दमानं ये." भैरू चरफडत तसा येत राहिला.

आज काळी भुंकत होती जत्रेचे पंच केरबा पाटील यांच्यावर. बिचारे तिच्या धाकानं अंगणातच थांबले.

"वस्ताद, नाव सांगा!" त्यांनी लांबूनच हाक दिली. "गावात पुकारायचंय."

भैरू पायरीजवळ सरकला.

वस्ताद उठले. "दस्तगीर, भैरूच्या पाठुंगळी बस."

"आँ?"

"बस म्हंतो. आन भैरू, पायरी उतर."

आत्ता कळलं! डाव होता हा. पंचांच्या देखत गुडघा मोडायचा, म्हणजे भाच्याचा रस्ता मोकळा. संतापानं भैरूचं डोकं भणाणलं. पण नाही म्हटलं तरी नाव जाणारच होतं.

दस्तगीर पाठीवर बसला. "सांभाळ रं भावा," कानाशी पुटपुटला. भैरूला त्यातही खोट दिसली.

त्यानं दुखरा पाय पायरीच्या काठावर रोवला. दुसरा हवेत सोडला. भार गुडघ्यावर आला... भैरूनं दात आवळले आणि कळ येण्याची वाट बघत राहिला.

गुडघा जरासा कुरकुरला. टाच टेकली.

"पुन्यांदा."

वर. खाली. ह्या खेपेला पाऊल टेकलं ते काळीच्या अगदी कुशीला. तिनं शेपूट तेवढी बाजूला घेतली आणि परत पंचांवर गुरगुरू लागली.

दस्तगीर खाली उतरला. "मामा, आता तरी ह्याला आखाड्यात सोडा! ह्याच्याशी झोंबायला जोडीदार पायजे म्हणून राबवून राबवून माझा पिट्टा पाडलाय तुम्ही."



वस्ताद अंगणाकडं वळले. "पुकारा, पाटील. भैरू चौगले."

भैरूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो वस्तादांच्या पायांशी वाकला, दोन्ही गुडघे पार मोडून बसला, आणि बसल्यावर त्याच्या ते ध्यानात आलं.

"वस्ताद... मी तुमच्यावर नाही नाही तो संशय घेतला."

"घेतलास खरा."

"पर हा गुडघा बोंबलायचा थांबला कधी? मला कळलंसुदिक न्हाई."

वस्तादांनी पायरीखाली पाहिलं. काळी भैरूच्या पावलाला टेकून आडवी झाली होती.

"ही तुझ्यावर भुंकायची कधी थांबली रं?"