खड्गाला फुटलेली वाचा

त्रेतायुग उतरणीला लागले होते, तरी देव अजून मनुष्यांच्या यज्ञांना येत असत. त्या काळी वेत्रगंगेच्या तीरी हेमकूला नगरीचा राजा चित्रबाहू निपुत्रिक वारला. स्त्रीने सिंहासनावर बसू नये, हा तिथला दंडक. तेव्हा प्रधान वसुमनाने युक्ती काढली. सिंहासनावर मृत राजाचे खड्ग ठेवावे, राणी ऋजुमतीने खालच्या पायरीवर बसावे आणि प्रत्येक आज्ञेआधी 'खड्ग म्हणते' असे उच्चारावे. मोठमोठ्या मिशांचे सामंत लोखंडापुढे खुशाल वाकले. बाईपुढे वाकावे लागले नाही, एवढ्यावर त्यांचे समाधान होते.

बारा वर्षांनी महातपस्वी तृणपाद ऋषी सभेत आले, तेव्हा दोन गावांच्या मुखियांचा पाण्याचा तंटा चालला होता. दीर्घ तपाने त्यांची दृष्टी अधू झाली होती. त्यांना सिंहासन तेवढे अंधुक दिसले.

"हे धर्मज्ञ नरेशा," ऋषी म्हणाले, "तुझ्या न्यायाची कीर्ती ऐकून मी प्रसन्न झालो आहे. दुसऱ्याच्या मुखाने का बोलतोस? तुला वाचा फुटो."

खड्ग थरथरले आणि बोलले, "दोन्ही मुखियांची मस्तके उतरवा. तंटा मिटेल."

सभेत एकच गोंधळ माजला. सेनापती उठला खरा, पण पुढे जाईना.

"महाराणी, आता काय करावे?" वसुमना पुटपुटला. "आजवर आपण ह्याचीच आज्ञा मानत आलो."

"मलाही उमगत नाही, प्रधानजी," राणी म्हणाली. "हेच बोलू लागले, तर मी कोण उरले?"

तेव्हा एक मुखिया हात जोडून म्हणाला, "महाराणी, गेल्या वर्षी माझ्या भावाला इथेच न्याय मिळाला. तो आवाज हा नव्हता. तो पायरीवरून आला होता."

ऋजुमती उभी राहिली. सवयीने 'खड्ग' एवढेच तोंडातून निघाले आणि ती अडखळली. 

"मी म्हणते," अखेर ती बोलली, "पाणी एक दिवसाआड दोघांना मिळेल."

सेनापतीने खड्गाकडे पाहिले, राणीकडे पाहिले, आणि पायरीपुढे मस्तक टेकवले.

दिलेला वर ऋषींनाही परत घेता येईना, म्हणून ते बडबडे खड्ग वेत्रगंगेच्या डोहात सोडले गेले. तेव्हापासून हेमकूलेचा प्रत्येक राजा सिंहासन रिकामे ठेवून पायरीवरच बसतो. कारण विचारले तर पुरोहित ग्रहांचे दाखले देतात. तिथे एक स्त्री बसत होती, हे मात्र कोणी सांगत नाही.