घोटभर पाण्याचे पथ्य

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. ग्रामदेवतेची शपथ घेऊन सांगतो, सगळे माझ्या डोळ्यांदेखत घडले. म्हणजे मी तेव्हा जन्मलो नव्हतो, परंतु तेवढ्या एका कारणाने साक्ष नाकारावी असे मला वाटत नाही.

एकदा एका नदीकाठच्या गावात एक भांड्यांचा व्यापारी राहत होता. त्याचे दुकान तांबटांच्या आळीत. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत तांब्यापितळेवर हातोडे पडत, आणि त्या खणखणाटात ज्याचे बोलणे ऐकू जात नाही त्याने आणखी मोठ्याने बोलावे, हा आळीचा धर्म होता. तिथली माणसे एकमेकांच्या कानात गुपित सांगत, तेही वेशीवर ऐकू येई. हा भांड्यांचा शेठ तर या विद्येत आळीचा मुकुटमणी. त्याने 'मार!' म्हणून आरोळी दिली की नदीपलीकडच्या म्हशी दोन दिवस दूध चोरत.

ही आरोळी असे हॉकीसाठी. गावाचा संघ म्हणजे शेठचा जीव की प्राण. खेळाडूंच्या काठ्या तो पुरवी, म्हणून अकरा जणांची निवडही तोच करी. आणि सामना सुरू झाला की आपल्या गोलच्या पाठीमागे पाट टाकून बसे, खेळाडूंना सूचना नीट ऐकू जाव्यात म्हणून.

त्या वर्षी मात्र संघाने शेठचे डोके फिरवले. दर रविवारी साखळी सामना. एका रविवारी पोरे अशी खेळत, जणू चेंडू काठीला बांधून दिला आहे. पुढच्याच रविवारी तीच पोरे, तेच मैदान, आणि समोरचा येईल तो गोल करून जाई. एक जीत, एक हार, पुन्हा जीत, पुन्हा हार. असे धडपडत, शेवटचा सामना जिंकून, गाव कसेबसे बाद फेरीत पोहोचले. आता उपांत्य सामना. हरला तो घरी.

आदल्या दिवशी शेठ वैद्यबुवांकडे गेला. वैद्यबुवा गावातले सर्वांत वृद्ध आणि ज्ञानी गृहस्थ. शेठ लहानपणी त्यांच्याकडेच हॉकी शिकला होता. तरुणपणी ते स्वतः गोलरक्षक होते. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे अजून वाकडी होती, आणि नाडी पाहताना ती रुग्णाला टोचत.

"वैद्यबुवा, झोप उडाली आहे माझी," शेठ अंगणातूनच गरजला. परड्यातल्या कोंबड्या पांगल्या. "या लहरी पोरांचा काय नेम? मागच्या रविवारी जिंकली, म्हणजे उद्या हरणार."

"आत ये आधी. घसा कसा आहे?"

"खणखणीत. तुमच्या ज्येष्ठमधाला तोड नाही. मागच्या रविवारी खुणा करून बोलत होतो, आता ऐकाच तुम्ही."

"ऐकतोच आहे," वैद्यबुवा म्हणाले. "मग उद्याचा काय बेत?"

"रंगाला बाहेर बसवतो. गोलात दगड उभा केला तरी याच्यापेक्षा बरा. मी घसा फोडून सांगतो उजवीकडे, हा बघतो डावीकडे. त्याच्या जागी पांडबाला घेतो."

"पांडबा? जो मध्यंतरात लिंबे कापतो तो?"

"हात चपळ आहे त्याचा."

वैद्यबुवा उठले. मग फळीवरचा एक तांब्या काढून त्यांनी शेठसमोर ठेवला. शेठच्याच दुकानचा होता तो.

"उद्याचा सामना रंगालाच खेळू दे. मग काढायचा तर काढ, मी आड येणार नाही. पण एक पथ्य पाळायचे. चेंडू खेळात आहे तोवर तोंडात पाण्याचा घोट धरायचा. गिळायचा नाही, थुंकायचा नाही. चेंडू बाहेर गेला की गिळ आणि नवा घोट घे."

शेठ हसू लागला. "दुखणे संघाचे आणि पथ्य मला?"

"आजवर माझ्या औषधाने गुण आला की नाही?"

"आला."

"मग चर्चा कशाला?"

दुसऱ्या दिवशी सारे गाव मैदानावर लोटले. शेठ पाटावर बसला, पुढ्यात तांब्या, दोन्ही गाल पुरीसारखे फुगलेले. "काय शेठ, दाढ सुजली का?" असे ज्याने त्याने विचारून घेतले, आणि शेठला कोणालाच उत्तर देता येईना.

शिट्टी झाली. समोरचा संघ सुसाट आला. शेठच्या घशात 'मार' उसळून वर आला, पाण्यावर आपटला आणि नाकातून बुडबुडा होऊन बाहेर पडला. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबले. तेव्हाच त्याच्या पुढ्यातून, अगदी हाताच्या अंतरावरून, एक आवाज आला.

"थांब बापू, थांब... थांब... आत्ता."

बचावातल्या बापूने मागे न पाहता काठी घातली. चेंडू सुटला. शेठने डोळे विस्फारले. बोलले कोण? गोलात तर रंगा एकटा होता.

"सदा, तुझ्या डावीकडून एक येतोय. येऊ दे. मी आहे."

हा बोलतो? इतकी वर्षे शेठ याच्या पाठीशी बसत होता आणि या पोराला आवाज आहे हे त्याला ठाऊक नव्हते. मग तो सामना विसरून रंगाचे बोलणेच ऐकत बसला. हळू, नेमके, एकेका नावाने. आणि पुढची पोरे त्या शब्दावर अशी हलत होती, जशी एकाच हाताची बोटे.

अखेरचे मिनिट उरले. गाव एका गोलने पुढे. त्यातच समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. मैदान चिडीचूप झाले. शेठच्या डोळ्यांत पाणी, तोंडात पाणी. "बापू, खांब धर," रंगा म्हणाला. "बाकीचा गोल माझा." चेंडू तोफेसारखा आला, रंगाने आडवे होत पाय टाकला, चेंडू खांबाला घासून बाहेर गेला आणि शिट्टी वाजली. गाव नाचू लागले. शेठने घोट गिळला.

गर्दी ओसरल्यावर वैद्यबुवा त्याच्याजवळ पाटावर टेकले.

"गोलरक्षकाला सारे मैदान दिसते," ते म्हणाले. "पुढच्यांना पाठीमागचे दिसत नाही, ते त्याच्या शब्दावर खेळतात. तू ओरडलास की तो शब्द बुडतो, आणि गाव हरते. ओरडून तुझा घसा बसला की पुढच्या रविवारी त्यांना तो ऐकू येतो, आणि गाव जिंकते. मग मीच मूर्ख तुला ज्येष्ठमध देऊन बरा करतो. संघ लहरी नव्हता रे. तुझ्या घशाच्या मागोमाग नेमाने चालला होता."

शेठ पाटावरून उठला. मग अगदी हळू, बहुधा जन्मात प्रथमच, त्याने हाक मारली, "रंगा." आणि दूरवर पायाचे पॅड सोडत बसलेल्या रंगाने मान वर केली.

ज्यांच्यावर आपला फार जीव असतो, त्यांच्या पाठीशी बसताना तोंडात एक घोट असावा.

आता कबुली. म्हशींचे खरे आहे, त्यावर वाद नको. खोटा आहे तो शेवटचा अडवलेला चेंडू, तो मी पदरचा घातला. खरा चेंडू रंगाच्या पायाला लागून आत गेला, बरोबरी झाली, आणि जादा वेळेत गाव हरून बाद झाले. वैद्यबुवा जे बोलले ते हरलेल्या मैदानावर बोलले. आणि पुढच्या वर्षी पहिल्या सामन्याला गोलात रंगाच उभा होता. पाठीमागे पाटावर शेठ बसला होता, गाल फुगवून.